चेष्टेला तोंड द्यायचंय? मग कुठलं मराठी बायबल घ्यावं

बायबल विकत घेताना लोक कव्हर बघतात, चेन आहे का विचारतात, सोनेरी कडा बघून खूश होतात. पण ज्याला ऑफिसात ‘तांदळाच्या पोत्यावर बाटलेले’ असं हसत हसत ऐकावं लागतं, ज्याच्यासमोर कॉलेजची मुलं ‘हालेलुया’ची नक्कल करतात, त्याची गरज निराळी असते. टोमणा बसल्यावर त्याला नेमकी जागा पटकन उघडता आली पाहिजे, आणि उघडलेल्या वचनाच्या मागचं-पुढचंही दिसलं पाहिजे. मुंबईत मिळणाऱ्या मराठी प्रती इथे त्याच कसोटीवर तपासल्या आहेत.

पहिली पसंती बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’, पूर्ण, जुन्या आणि नव्या करारासह, शिवलेल्या बांधणीचं. वचनाशेजारी संदर्भ, म्हणजे त्याच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या वचनांचे पत्ते, छापलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. भाषा थोडी भारदस्त आहे, ‘बोलता झाला’ वळणाची वाक्यं अधूनमधून अडखळायला लावतात. पण मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रपाठ याच पुस्तकातून होतो, पाळकांच्या तोंडी हीच वाक्यं असतात. लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, पाठ केलेलं वचन दुसऱ्या भाषांतरात शोधायला गेलं की हाताला लागत नाही.

दुकानात प्रत हातात घेतली की कण्याचा, म्हणजे पानं बांधलेल्या बाजूचा, वरचा भाग बघा. कागदाच्या दुमडलेल्या गड्ड्या वेगवेगळ्या दिसल्या तर बांधणी शिवलेली. सगळी पानं एकसंध कापल्यासारखी गोंदात बुडालेली दिसली तर ती चिकटवलेली, आणि मुंबईच्या दोन पावसाळ्यांत स्तोत्रसंहितेपाशी तिचे दोन तुकडे होण्याची शक्यता बरीच. मग ११९ वं स्तोत्र उघडा. १७६ वचनं आहेत, म्हणजे वचनांचे क्रमांक तीन आकडी होतात. ते आकडे आणि संदर्भांची बारीक अक्षरं हातभर अंतरावरून वाचता आली, जोडाक्षरांत शाई भरलेली नसली, तर लोकलमध्ये उभ्याने वाचता येईल.

चेनचं कव्हर टाळावं. दमट हवेत चेनीचा हूक गंजतो, रेक्झिनचे पापुद्रे सुटतात, आणि कव्हरला अडकलेली पानं कोपऱ्यात दुमडतात. कडेला अंगठ्यासाठी कापलेल्या खाचा दिसायला देखण्या, पण बॅगेत डब्याशेजारी राहिल्या की तिथूनच पान फाटतं. साधी, काळ्या कापडी किंवा पुठ्ठ्याच्या बांधणीची प्रत घ्यावी. ती दोघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्त पडते.

आता खिशातली प्रत. ‘नवा करार, स्तोत्रे व नीतिसूत्रे’ एवढंच असलेली छोटी पुस्तकं अनेक ठिकाणी फुकट वाटली जातात. विरार फास्टमध्ये एका हाताने दांडी धरून वाचायला याहून सोयीचं काही नाही. चेष्टेच्या बाबतीत मात्र तिच्यात एक मोठी उणीव आहे: तिच्यात जुन्या करारातलं नहेम्याचं पुस्तक नाही. यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांची सनबल्लट आणि तोबीया हे विरोधक टर उडवतात, ‘यांच्या कोटावर कोल्हा चढला तरी तो ढासळेल’ अशा अर्थाचं बोलतात, तो ४ था अध्याय. काम करवून घेणारा नहेम्या त्यांना एका शब्दाने उत्तर देत नाही. तो देवापाशी गाऱ्हाणं मांडतो, तेही चांगल्या कडक शब्दांत, आणि पुढच्याच ओळीत काम सुरू असतं, कोट अर्ध्या उंचीपर्यंत जातो. धमक्या आल्यावर तो प्रार्थनाही करतो आणि पहारेही बसवतो. थट्टा आणि धोका यांत फरक करायला शिकवणारा एवढा नेमका भाग दुसरीकडे सापडत नाही. खिशातली प्रत असू द्या, पण एकुलती एक नको.

नव्या करारात या विषयाचं मूळ पुस्तक म्हणजे पेत्राचं पहिलं पत्र. पाच अध्याय, १०५ वचनं. बोरिवलीहून निघालेली स्लो लोकल दादरला पोहोचायच्या आत सावकाश वाचून होतं. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना ते लिहिलेलं आहे, आणि त्यातला त्रास बराचसा तोंडी आहे: २:१२ मध्ये (२ रा अध्याय, १२ वं वचन) बदनामी, ४:४ मध्ये जुने मित्र ‘आता तू आमच्यात का येत नाहीस’ म्हणून नावं ठेवतात, ४:१४ मध्ये ख्रिस्ताच्या नावासाठी निंदा. शुक्रवारी बारला न गेल्याबद्दल ऐकावं लागणाऱ्याला ४:४ वाचताना फार लांबचं वाटणार नाही.

इथेच वचन-कार्डांचा, कॅलेंडरांचा आणि वचनपेट्यांचा घोटाळा लक्षात येतो. कार्डावर ४:१४ येतं: निंदा झाली तर तुम्ही धन्य. ४:१५ सहसा येत नाही, आणि तिथे बजावलं आहे की खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगायची वेळ येऊ देऊ नका. कुणी सहकाऱ्यांच्या टेबलावर न विचारता पत्रकं ठेवत असेल, पहाटे सहाला ऑफिसच्या ग्रुपवर वचनांची चित्रं टाकत असेल आणि त्यावरून त्याची चेष्टा होत असेल, तर ती १४ व्या वचनातली की १५ व्या, हे आधी तपासावं लागेल. तसंच नीतिसूत्रे २६:४ आणि २६:५. एक म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर देऊ नको, लगेच पुढचं म्हणतं दे. दोन्ही शेजारी छापली आहेत ती मुद्दाम, कारण कुठे कुठलं लागू करायचं ते माणूस आणि प्रसंग बघून ठरतं. कार्ड दोन्हींतलं एक उचलतं. फ्रिजवर लावायला कार्ड ठीक आहे, आधाराला नाही.

संदर्भांची प्रत असली तरी स्वतःची साखळी आखून घ्यावी. छापील संदर्भ शब्दांच्या साम्यावर जातात, प्रसंगाच्या साम्यावर दर वेळी नाही. मऊ पेन्सिल घ्या. कडक पेन्सिलीची टोकं बायबलच्या पातळ कागदावर पलीकडे उठतात आणि जेल पेन तर आरपार जातं. रंग हवा असेल तर साधी रंगीत पेन्सिल किंवा कोरडा मेणकट हायलायटर. पहिल्या कोऱ्या पानावर फक्त ‘१ पेत्र ३:१५’ लिहा. त्या वचनाच्या समासात पुढचा पत्ता, तिथे त्याच्या पुढचा.

सुरुवात ३:१५–१६ ने करावी, कारण सगळी पथ्यं तिथेच आहेत. आशेविषयी जो विचारतो त्याला उत्तर द्यायची तयारी ठेवा, तेही सौम्यपणे आणि स्वच्छ मनाने, असं ते सांगतं. ‘जो विचारतो’ हे विसरलं की गाडी घसरते. जेवणाच्या सुट्टीत पाच जणांसमोर टपली मारणारा बहुधा विचारत नसतो, त्याला प्रेक्षक हवे असतात. तिथे हसून विषय सोडावा. तोच माणूस टपरीवर एकटा भेटून ‘खरंच, तुम्ही असं का मानता?’ म्हणाला की मग ३:१५. पुढचा पत्ता २:२३, जिथे ख्रिस्त निंदेला निंदेने उत्तर देत नाही. त्यावरून कुणी कायम गप्प बसायचा नियम काढू नये म्हणून लगेच योहान १८:२२–२३ जोडावं: शिपायाने तोंडात मारल्यावर येशू विचारतो, मी चूक बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? मग प्रेषितांची कृत्ये २६:२४–२५. रोमी सुभेदार फेस्त भर दरबारात प्रेषित पौलाला वेडा ठरवतो. पौल त्याला आदराने संबोधून वेड नाकारतो, मी खरं आणि शुद्धीत बोलतोय एवढं सांगतो आणि अग्रिप्पा राजाकडे वळतो. मुलाखतीच्या तयारीसारखं हे उत्तर मोठ्याने म्हणून बघण्याजोगं आहे, लांबी आणि सूर दोन्हींसाठी.

यानंतर नहेम्या ४, स्तोत्र १२३ (चारच वचनं, आणि शेवटी आम्ही तिरस्काराने अगदी विटलो अशी सरळ तक्रार), आणि साखळीच्या शेवटी लूक २२:५४–६२. शेकोटीपाशी एका दासीच्या साध्या बोलण्यावर पेत्र येशूला ओळखत नाही म्हणतो. तलवार नाही, चाबूक नाही, नुसत्या गप्पा. ज्याच्या नावाचं पत्र आधी वाचलं त्याचीच ही गोष्ट आहे, म्हणून ती शेवटी. आधी ठेवली तर वाचणारा अपराधी भावनेत अडकतो आणि पुढे जात नाही.

कॅथलिक वाचकांकडे या बाबतीत जास्त माल आहे. ७३ पुस्तकांच्या बायबलमध्ये ज्ञानग्रंथाचा २ रा अध्याय आहे: नीतिमान माणूस आपल्या नुसत्या असण्यानेच खुपतो, म्हणून त्याची परीक्षा बघू या, असं म्हणणाऱ्यांची मनं आतून दाखवलेली. सिराखचा २ रा अध्याय तर देवाच्या सेवेला येणाऱ्याला परीक्षेला तयार राहा असं सांगतच सुरू होतो. प्रोटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांच्या प्रतीत हे दोन्ही नाहीत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ मराठीच्या दृष्टीने सगळ्यांत वाचनीय. त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यासाठीच मिळाला. प्रश्न विचारणाऱ्या ख्रिस्तेतर मित्राला द्यायचं असेल तर हेच द्या. पण ग्रंथ जाडजूड आहे, घरी टेबलावर वाचायचा.

फोनवर यूव्हर्जनच्या अॅपमध्ये बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर फुकट आहे, शेजारी दुसरी मराठी आवृत्ती उघडून ताडूनही बघता येते. दोन गोष्टी आधी करा. रोजच्या वचनाची सूचना लॉक स्क्रीनवर दिसणं बंद करा. लपवायचं म्हणून नव्हे, पण मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना ती वर तरंगली की आयता विषय मिळतो. आणि शोध घेताना एकच शब्द टाकून थांबू नका: ‘थट्टा’, ‘उपहास’, ‘निंदा’, ‘टवाळी’ प्रत्येकाची यादी वेगळी येते. फोनचा खरा तोटा असा की शोधाच्या यादीत आधीचं-नंतरचं दिसत नाही, वचन एकटं पडतं, आणि शेअरचं बटण अंगठ्याखालीच असतं.

‘इंग्रजांचा धर्म’ या टोमण्याला कुठल्याच प्रतीत थेट उत्तर नाही. त्यासाठी ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक जवळ ठेवा. १९१९ साली वारलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं त्यात आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनने छापून पूर्ण केलं, हेही माहीत असावं. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’चा दाखला देणारे जरा जपून: ओव्या मराठी, पण कवी जन्माने इंग्रज.

आणि प्रकरण थट्टेच्या पुढे गेलं, धमकी, बढती अडवणं, अंगावर येणं सुरू झालं, तर पुस्तक बदलून उपयोग नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, स्क्रीनशॉट जपा, लेखी तक्रार करा. भारतीय न्याय संहितेत धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दल कलम २९९ आणि ३०२ आहेत. पौलानेही फटके बसायच्या आधी आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं, आणि नंतर कैसराकडे दाद मागितली होती.

नवी प्रत घरी आणली की एकदम मधोमध उघडू नका. कण्यावर उभी धरून पुढची थोडी पानं दाबा, मग मागची थोडी, असं आळीपाळीने मध्यापर्यंत या. जून ते सप्टेंबर बॅगेत नेताना जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी आत टाका. पानं भिजलीच तर इस्त्री करू नका. दर दहा-बारा पानांत टिपकागद घालून पंख्याखाली उभी ठेवा.