रॅपर केआरएस-वनसाठी कोणता रेडिओ शो: मिस्टर मॅजिक की रेड अलर्ट?

ऐंशीच्या दशकाअखेरचं न्यूयॉर्कचं रॅप ऐकायला सुरुवात कुठून करू, असं एका मित्राने विचारलं. माझं उत्तर: तेव्हाच्या दोन रेडिओ शोंच्या कॅसेटपासून.

डब्ल्यूबीएलएस या रेडिओ स्टेशनवर मिस्टर मॅजिकच्या जोडीला डीजे-निर्माता मार्ली मार्ल. त्यामुळे कल उघडच मार्लीच्या रॅपर मंडळींकडे, ज्यूस क्रूकडे: एमसी शॅन, बिग डॅडी केन, बिझ मार्की. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या केआरएस-वनला तिथे कोण विचारणार? किस एफएम स्टेशनवर कूल डीजे रेड अलर्टने मात्र त्याला उचलून धरलं. केआरएस-वनचं १९८७ चं ‘द ब्रिज इज ओव्हर’ ऐका: ठणठणीत पियानो, वर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागाचा दणदणीत आवाज. मला हीच बाजू जास्त भावते.

कॅसेटची खरखर दोन्हीकडे.

मार्लीची ड्रमची करामत ऐकायची असेल तर मॅजिक. केआरएस-वन आणि पुढे जंगल ब्रदर्स हा रॅप गट हवे असतील तर रेड अलर्टच.