जुना एसडीके ठेवावा की नव्या एसडीकेवर टार्गेट खाली आणावं?

एसडीके म्हणजे ॲप बनवायला ॲपल देतं तो फायलींचा संच; टार्गेट म्हणजे ॲप ज्या सर्वांत जुन्या आयओएसवर चालायला हवं ते. समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चादर कारखान्यासाठी ॲप करायचंय. गोदाम आणि गाडी भरणारे यांच्यात वॉकीटॉकी हवी, म्हणून ॲपलचं पुशटूटॉक फ्रेमवर्क (त्यासाठीचा तयार कोड) घेतलं. (यंत्रमागांच्या खडखडाटात ऐकू किती येईल, हा प्रश्न निराळा.) निम्म्या लोकांकडे आयफोन ७ आहेत, ते आयओएस १५ च्या पुढे जात नाहीत. पुशटूटॉक आलं आयओएस १६ मध्ये. जुने फोन आहेत म्हणून एक्सकोड १३ (एक्सकोड म्हणजे ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) काढलं, की पहिल्याच इम्पोर्टला लाल एरर: 'पुशटूटॉक.एच फाइल नॉट फाउंड'. हेडर म्हणजे फ्रेमवर्कमध्ये काय काय आहे ते सांगणारी ही फाइल; ती शोधत हेडर सर्च पाथ चाळत बसू नका. एक्सकोड १३ सोबत आयओएस १५ चा एसडीके येतो आणि त्यात हे हेडर नाहीच.

जुनं एक्सकोड ठेवण्यात एकच फायदा: जुन्या फोनवर नसलेली गोष्ट चुकून वापरली तर कंपायलर (कोडचं ॲपमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम) तिथेच अडवतो. पण २४ एप्रिल २०२५ पासून ॲप स्टोअरने एक्सकोड १६ च्या आधीचं बिल्ड घेणं बंद केलं. स्टोअरवर जायचं असेल तर हा रस्ता बंदच.

नवा एसडीके घ्या आणि आयओएस डिप्लॉयमेंट टार्गेट १५ ठेवा. कोणत्या हेडरवर कंपाइल होतं ते एसडीके ठरवतो. किती जुन्या फोनवर चालेल ते टार्गेट. हेडर मिळतं, पण जबाबदारी आपल्यावर येते. एक्सकोडच्या 'लिंक बायनरी विथ लायब्ररीज' यादीमध्ये पुशटूटॉकपुढे 'ऑप्शनल' करा. 'रिक्वायर्ड' राहिलं तर आयफोन ७ वर 'लायब्ररी नॉट लोडेड' म्हणत ॲप उघडतानाच बंद पडू शकतं. वापर '@अव्हेलेबल'च्या (फोनवर पुरेसं नवं आयओएस आहे का, हे पाहणारी अट) इफमध्येच करा. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये त्या अटीला '&&' लावून दुसरी अट जोडू नका, कंपायलर ती तपासणी धरत नाही; आत वेगळा इफ लिहा.

'हॅज इन्क्लूड' (हेडर सापडलं तरच तो कोड कंपाइल करा, अशी अट) हा तिसरा उपाय लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी, कारण त्यांचा कोड दोन्ही एसडीकेवर कंपाइल व्हावा लागतो. ॲपमध्ये तो फसवतो: जुन्या एसडीकेवर वॉकीटॉकी गुपचूप गायब होते, आणि नव्यावर हेडर सापडतंच, म्हणून आयफोन ७ ला त्याचं संरक्षण शून्य.

नव्या एक्सकोडवरही हेडर सापडत नसेल, तर टर्मिनलमध्ये 'एक्सकोड-सिलेक्ट -पी' चालवा. मॅकवर दोन एक्सकोड असले की कमांड लाइन बिल्ड बऱ्याचदा जुन्याकडेच वळलेलं असतं.