सागवानी हातांची खुर्ची : उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

लाकूड आलापल्लीकडचं सागवान, घडण गावातल्या सुताराची. मार्च ते ऑक्टोबर रोज वापर झाला. उजवा हात सोडला तर खुर्ची पक्की आहे.

लाकूड दीड घनफूट लागलं, त्यातलं बरंच कापाकापीत जातं. मागचा पाय बाकदार असल्यामुळे तो ४ इंच रुंद फळीतूनच काढावा लागतो. सरळ पाय केला तर लाकूड वाचतं, पण पाठ ताठ होते आणि माणूस फार वेळ टेकत नाही. बैठक जमिनीपासून पुढे १६ इंच उंच, मागे साडेचौदा. हात बैठकीपासून ८ इंच वर. ही मापं सुखाची आहेत.

रेलताना सगळा जोर बाजूची पट्टी मागच्या पायात शिरते त्या सांध्यावर येतो. इथे कुसू (पट्टीचं पायाच्या भोकात बसणारं टोक) सव्वा इंच लांब आहे, जाडी पट्टीच्या एक तृतीयांश, वरून बांबूची आडवी खुंटी. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे गोंद लावण्याआधी कुसू थिनरने पुसलेलं हवं. इथे पुसलं होतं. सांधा अजून करकरत नाही.

उजव्या हाताला मेमध्ये चीर गेली. फळी ४ इंची, टोकाला खोडाच्या वलयांच्या रेघा आडव्या. अशी फळी कोरड्या उन्हाळ्यात रुंदीत मिलिमीटरभर आखडते, आणि इथे ती खालच्या आधारपट्टीला दोन्ही कडांपाशी स्क्रूने जखडलेली होती. आखडायला जागाच नाही, म्हणून स्क्रूपाशी फाटली. डाव्या हाताच्या रेघा उभ्या आहेत, तो जसाच्या तसा. आधारपट्टीतलं एक भोक रुंदीच्या दिशेने लांबट केलं असतं तर चीर टळली असती. तुमच्या सुताराला हे आधीच सांगा. खुर्ची कूलरच्या झोतातही ठेवू नका. एकाच बाजूने ओली हवा लागली की फळी वाकते.

बैठकीची सुती नवार ढिली पडतेच. इथे ती बाजेसारखी मागून दोरीने ताणलेली आहे, दहा मिनिटांत आवळून होते. खिळ्यांनी ठोकलेली घेऊ नका.

घाण्याचं खायचं जवसाचं तेल लाकडाला लावू नका. ते फार दिवस चिकट राहतं आणि पावसाळ्यात काळी बुरशी धरतं. पेंटच्या दुकानातलं उकळलेलं घ्या, तीन पातळ हात द्या, दर वेळी पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसा. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात, घरात कापूस भरलेला असेल तर विचारूच नका. पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळवा.

ताबा घेताना खुर्ची उलटी करून पाय बघा. पांढरं लाकूड दिसलं तर बदलून मागा. भुंगा आणि उधई तिथूनच शिरते.