सिसटिकची नक्कल: दर सायकलला मोजायचं की हिशोब ठेवायचा?

आर्म कॉर्टेक्स-एम चिपमधला सिसटिक म्हणजे २४ बिटांचा, उलटा मोजणारा काउंटर. एसटीएम३२एफ१०३ ही चिप ७२ मेगाहर्ट्झवर चालवली आणि रीलोड रजिस्टरमध्ये (शून्यानंतर मोजणी जिथून पुन्हा सुरू होते तो आकडा ठेवायची जागा) ७१९९९ टाकले, की दर मिलिसेकंदाला एक इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवायला लावणारा इशारा. (७२००० पेक्षा एक कमी का? शून्यावरही एक सायकल, म्हणजे चिपच्या घड्याळाचा एक ठोका, जातो.) एम्युलेटरमध्ये, म्हणजे चिपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे दोन तऱ्हांनी जमतं.

पहिली तऱ्हा साधी. प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर गेलेले सायकल काउंटरमधून वजा करा. कोड छोटा, चूक चटकन सापडते. पण सेकंदाला ७.२ कोटी सायकल मोजायचे आणि त्यात कामाचे प्रसंग हजारच. बाकी नुसती हमाली.

दुसरीत काउंटर फिरवायचाच नाही. तो कधी सुरू झाला आणि शून्यावर कधी पोचेल, एवढंच टिपून ठेवायचं. प्रोग्रामने व्हॅल्यू रजिस्टर (काउंटरचा चालू आकडा) वाचलं तरच वजाबाकी. फर्मवेअर (चिपवर चालणारा प्रोग्राम) डब्ल्यूएफआयवर, म्हणजे 'इंटरप्टची वाट पाहा' या इन्स्ट्रक्शनवर, झोपलं, की थेट पुढच्या इंटरप्टवर उडी. क्यूएमू हा एम्युलेटरसुद्धा याच वाटेने जातो. गोची आहे ती बारक्या नियमांत. चालू फेरीत रीलोड बदललं तर नवा आकडा पुढच्या फेरीपासून लागू. व्हॅल्यूत काहीही लिहा, ती शून्यच होते, आणि तरी त्यामुळे इंटरप्ट येत नाही. काउंटफ्लॅग (काउंटर शून्यावर पोचल्याची खूण) तर वाचताक्षणी पुसला जातो! टिपलेली वेळ यातल्या प्रत्येक ठिकाणी जपावी लागते.

वेगासाठी मी दुसरीच निवडेन. पहिली मात्र फेकणार नाही: तेच फर्मवेअर दोन्हींवर चालवून इंटरप्ट नेमके त्याच सायकलला येतात का, ते ताडून बघेन.