मोठ्या लढतीचा गाजावाजा: डब्ल्यूडब्ल्यूई, यूएफसी की बॉक्सिंग?

लढती नव्याने पाहायला लागलेल्याला पहिला प्रश्न पडतो, की वेळ आणि सबस्क्रिप्शनचे पैसे घालायचे कुठे? लढतीआधीचे दोन महिने कोण कसे वापरतं तेवढं पाहिलं, तरी याचा बराचसा निकाल लागतो.

डब्ल्यूडब्ल्यूई (गोष्ट रचून दाखवलेली कुस्ती) आणि यूएफसी (पिंजऱ्यातली खरीखुरी मारामारी, ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं) सप्टेंबर २०२३ पासून टीकेओ या एकाच कंपनीत आहेत. मालक एक, पण विकण्याची रीत अगदी निराळी. डब्ल्यूडब्ल्यूईत निकाल आधीच ठरलेला असतो, यूएफसीत लढतीच्या दिवशी दोघे धडधाकट असतील याचीही खात्री नसते.

निकाल हातात असला की काय करता येतं? डब्ल्यूडब्ल्यूईत रॉक विरुद्ध जॉन सीना ही लढत ४ एप्रिल २०११ ला जाहीर झाली आणि झाली १ एप्रिल २०१२ ला, मायामीतल्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात. घोषणा जवळजवळ वर्षभर आधी! ‘आयुष्यात एकदाच’ अशी तिची जाहिरात होती आणि पुढच्याच रेसलमेनियात तेच दोघे पुन्हा समोरासमोर. कुणी फारसं मनावर घेतलं नाही, कारण इथे गाजावाजा हाच मुळात खेळ असतो. दर आठवड्याला माइक हातात घेऊन बोललेले प्रोमो, पाठीमागून केलेला हल्ला, फुटलेली जोडगोळी. शेवटची लढत म्हणजे या गोष्टीचं शेवटचं पान.

त्यात प्रेक्षकही ढवळाढवळ करू शकतो. २०२४ च्या जानेवारीत कोडी ऱ्होड्सने सलग दुसऱ्यांदा रॉयल रंबल जिंकली (अनेकांची एकत्र लढत, जिंकेल त्याला रेसलमेनियात विजेतेपदासाठी लढता येतं). तेव्हाचा विजेता रोमन रेन्सशी भिडण्याचा हक्क त्याचा होता, पण २ फेब्रुवारीला त्याने ती जागा रॉकला देऊन टाकल्याचं दाखवलं गेलं. लोक भडकले. ‘आम्हाला कोडीच हवा’ अशी मोहीम सोशल मीडियावर पेटली. ८ फेब्रुवारीला लास व्हेगासच्या कार्यक्रमात कोडीने आपला हक्क परत मागितला, रॉकने त्याच्या कानाखाली वाजवली आणि एका फटक्यात रॉक खलनायक झाला. ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडी जिंकला आणि रोमनची १,३१६ दिवसांची सद्दी संपली. लोकांचा राग इतक्या सफाईने गोष्टीत मुरवलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

आता यूएफसी. खबीब नुरमागोमेदोव्ह विरुद्ध टोनी फर्ग्युसन ही लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. एकदा वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवताना खबीब रुग्णालयात गेला, तर २०१८ मध्ये फर्ग्युसन प्रसिद्धीच्याच कामासाठी स्टुडिओत असताना वायरीला अडखळला आणि गुडघा दुखावून बसला. जाहिरातीनेच लढत खाल्ली म्हणायची!

त्याच आठवड्यात ब्रुकलिनमध्ये कॉनर मॅकग्रेगरने खबीब बसलेल्या बसवर सामान वाहायची ट्रॉली फेकली. काचा फुटून इतर लढवय्ये जखमी झाले. कंपनीने त्याचं चित्रण पुढे खबीब-मॅकग्रेगर लढतीच्या जाहिरातीत वापरलं आणि ६ ऑक्टोबर २०१८ ची ती रात्र सुमारे २४ लाख पे-पर-व्ह्यू (एकाच कार्यक्रमासाठी वेगळे पैसे भरून पाहणं) विकून गेली. पण हे वैर लिहून दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते आवरलंही नाही. जिंकल्यावर खबीबने पिंजऱ्यावरून उडी मारून मॅकग्रेगरच्या माणसावर झेप घेतली. नेवाडाच्या क्रीडा आयोगाने खबीबला ५ लाख डॉलर दंड आणि नऊ महिन्यांची बंदी ठोकली, मॅकग्रेगरला ५० हजार आणि सहा महिने. मला ती जाहिरात आजही खटकते.

बॉक्सिंगच्या गाजावाजावर मी सगळ्यात कमी विश्वास ठेवतो. तिथे एक मालक नाही. प्रवर्तक वेगळे, विजेतेपदाचे पट्टे देणाऱ्या मोठ्या संघटना चार, त्यामुळे वाटाघाटी रखडतात आणि रखडणं हीच प्रसिद्धी होते. मेवेदर आणि पॅकियाओ या दोन बड्या बॉक्सरांच्या लढतीची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली, लढत झाली २ मे २०१५ ला. अमेरिकेत ४६ लाख पे-पर-व्ह्यू विकले गेले, तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा होता आणि पॅकियाओ ३६. सामना सपक झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांच्या टायसनने आदल्या दिवशी वजनाच्या वेळी यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलला थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशीच्या लढतीत तेवढाही जीव नव्हता. तोंडाळपणाची ही कला तशी जुनीच. खुद्द मोहम्मद अलीने ती गॉर्जस जॉर्ज या शोमन कुस्तीगिराकडून उचलल्याचं सांगितलं होतं. फरक इतकाच, की अली बोलेल ते करून दाखवायचा.

(आपल्याकडच्या जत्रेतल्या मैदानाचं पत्रक पाहा: दोन पैलवानांचे फोटो, तालमीचं किंवा वस्तादांचं नाव, इनामाचा आकडा. उरलेलं काम हलगी करते.)

तर ठरवायचं कसं? आठवड्याला दोन-तीन तास मालिकेसारखे देता येणार असतील आणि निकाल ठरलेला असतो याचं वावडं नसेल, तर डब्ल्यूडब्ल्यूई घ्या. सुरुवात रॉयल रंबलपासून करा, थेट रेसलमेनियाला उडी मारू नका. अर्धी मजा जाईल. हातात फक्त रविवारची सकाळ असेल तर यूएफसी. अमेरिकेतली शनिवार रात्रीची लढत तेव्हाच आपल्याकडे दिसते. तिथल्या पत्रकार परिषदा खुशाल टाळा, पण आदल्या दिवशीचा वजन घेण्याचा कार्यक्रम जरूर बघा. गालफडं बसलेला, पाय लटपटणारा लढवय्या तिथेच कळतो. बॉक्सिंगसाठी वर्षभराचे पैसे भरू नका. एकेक लढत निवडा, आणि त्याआधी दोघांची वयं, वजनगट आणि फेऱ्या किती व किती मिनिटांच्या, एवढं तपासा. टायसन-पॉलच्या फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या होत्या, हे कार्यक्रमाच्या कितीतरी आधी जाहीर झालेलं होतं.