अलिबाग-वेंगुर्ला घड्याळं जुळवायची: लेझर, जीपीएस की फायबर?

दोन ठिकाणची अचूक घड्याळं एकमेकांशी जुळवायची असतील तर उपकरणांच्या किमती विचारण्याआधी एक आकडा ठरवा: किती चूक चालेल? वीज कुठे पडली ते शोधणाऱ्या यंत्रणेत एक मायक्रोसेकंद चुकला, तर प्रकाशाच्या हिशेबाने ३०० मीटरचा फरक पडतो. एवढ्या कामाला जीपीएसचा साधा टायमिंग रिसीव्हर भरपूर झाला.

त्याहून बारीक हवं असेल तर जीपीएस ‘कॉमन व्ह्यू’ने वापरतात. दोन्हीकडून एकाच वेळी तोच उपग्रह बघायचा, म्हणजे त्याच्या घड्याळाची चूक वजाबाकीत निघून जाते. भर पावसातही काम चालू राहतं आणि काही नॅनोसेकंदांपर्यंत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) पोचता येतं. अडतं ते अँटेना-केबलपाशी. एक मीटर कोअॅक्सिअल केबलमध्येच सुमारे ५ नॅनोसेकंद जातात, तेव्हा हा उशीर आधी नीट मोजावा लागतो. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी हवेतल्या बाष्पामुळे रेडिओ संदेश आणखी नॅनोसेकंदभर रेंगाळतो, आणि हा उशीर रोज बदलतो. स्टेशनं जवळ असतील तर तो बराचसा दोन्हीकडे सारखाच असतो. अंतर वाढलं की ही सवलत संपते.

लेझरचं खरं बळ इथे आहे. बाष्पामुळे होणारा उशीर प्रकाशाला रेडिओच्या मानाने सुमारे सत्तर पट कमी. जमिनीवरून लेझरचा काही पिकोसेकंदांचा (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंद सोडायचा. उपग्रहावरचा डिटेक्टर तो आल्याची वेळ टिपतो आणि परावर्तक त्यातला काही प्रकाश परत पाठवतो. जाण्यायेण्याच्या वेळेचं निम्मं धरलं की उपग्रहाच्या आणि आपल्या घड्याळातला फरक हाती येतो. दोन्ही स्टेशनांनी हेच केलं की त्यांचा आपसातला फरक मिळतो. २००८ मध्ये सुटलेल्या जेसन-२ उपग्रहावरच्या टी२एल२ या लेझरने वेळ जुळवणाऱ्या उपकरणाने १०० पिकोसेकंदांच्या आतली अचूकता दाखवली.

पण त्यासाठी डिटेक्टर आणि घड्याळ असलेलाच उपग्रह लागतो. लॅजिओस उपग्रहासारखा नुसते आरसे जडवलेला गोळा चालत नाही. जेसन-२ २०१९ मध्ये निवृत्त झाला. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोचलेल्या एसेस या अणुघड्याळांच्या संचावर अशी लेझर सोय आहे, मात्र स्थानक सुमारे ४०० किमीवरून फिरतं, त्यामुळे एका फेरीत मिनिटंच मिळतात. ढग आले की काम बंद, म्हणजे जून ते सप्टेंबर जवळजवळ हातचे गेले. दुर्बीण, लेझर, विमानवाहतुकीची परवानगी (चिपी विमानतळ जवळच आहे) हा व्याप वेगळाच.

अलिबाग-वेंगुर्ला हवाई अंतर ३०० किमीच्या आसपास. एवढ्यासाठी मी फायबरच निवडेन. एकाच धाग्यातून दोन्ही दिशांनी संदेश पाठवले की वाटेतला उशीर कापला जातो. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत सुरू झालेली व्हाइट रॅबिट पद्धत अशीच नॅनोसेकंदाच्या आत येते. फक्त मधले अॅम्प्लिफायरही दोन्ही दिशांचे हवेत. कोकण रेल्वेलगत फायबर टाकलेली आहे, मोकळा धागा भाड्याने मिळतो का ते आधी विचारा.

दुसरं स्टेशन अरबी समुद्रापलीकडे असेल, तर लेझरचा विचार जरूर करा, तोही जीपीएस बंद न करता. थंडीतल्या स्वच्छ आकाशात लेझरचं मोजमाप मिळालं की त्याच वेळच्या जीपीएस नोंदींशी ताडून बघा. फरक कायम तेवढाच येत असेल, तर तो बहुधा तुमच्या अँटेना-केबलचा मोजायचा राहिलेला उशीर आहे. तो वजा करून पावसाळाभर जीपीएसवर काम चालवता येतं.