जुन्या ट्रॅव्हलरला होंडाचा छोटा जनरेटर

होंडाचा ईयू२०आय. पेट्रोलवरचा इन्व्हर्टर जनरेटर, कमाल २००० वॅट, सलग चालवायला १६०० वॅट, वजन २१ किलोच्या आसपास. हँडल धरून एका हाताने उतरवता येतो. माझ्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरसाठी मी तो घेतला. सीटा काढून दोन पलंग, ओटा, सिंक, छोटा फ्रीज आणि मागच्या कप्प्यात १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी, असं या गाडीचं घर केलंय. कराडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, तेव्हा लोडच्या बाबतीत जे लिहितोय ते मीटर लावून बघितलेलं आहे.

हा जनरेटर घ्यायचा तो बॅटरी भरण्यासाठी. गाडीतलं घर बॅटरीवर चालू द्या. एवढं पटत असेल तर यासारखी वस्तू नाही. रात्रभर एसी लावून झोपायचं असेल तर घेऊ नका.

एक टनाचा जुन्या पद्धतीचा एसी चालू झाल्यावर हजार-बाराशे वॅट घेतो, कागदावर १६०० मध्ये आरामात बसतो. पण कॉम्प्रेसर उठताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. कमी व्होल्टेजला विहिरीवरची मोटार नुसती घुं करत बसते, तसंच होतं. ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि सप्लाय तुटतो. त्यात उंचीचा हिशेब वेगळा. कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, म्हणजे तिथे १६०० वॅटचे साडेतेराशेच धरायचे. वर एसी लागत नाही हे नशीब. इंडक्शन शेगडी आणि गिझर यांचं तर नावच काढू नका. मिक्सर मात्र बिनधास्त चालतो.

जुन्या गाडीत खरी अडचण जनरेटरची नसते, चार्जरची असते. अशा गाड्यांत बहुतेक वेळा दहा अँपिअरचा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर असतो. बॅटरी निम्मी उतरली तर ७५ एएच परत भरायचे. दहा अँपिअरने आठ तास आणि वर थोडे, तोवर जनरेटर घरघरत राहणार आणि पेट्रोल जळणार. मी ३० अँपिअरचा तीन टप्प्यांत भरणारा चार्जर बसवला. तो जनरेटरकडून पाचशे-साडेपाचशे वॅट घेतो, त्यामुळे इको स्विच (लोड कमी असला की इंजिनाचा वेग उतरवणारा) टाकून इंजिन हळू फिरतं. दोन-अडीच तासांत बॅटरी बऱ्यापैकी वर येते आणि पेट्रोल सव्वा ते दीड लिटर लागतं. शेवटचे काही टक्के सावकाशच भरतात, त्यासाठी जनरेटर चालू ठेवण्यात अर्थ नाही. जनरेटरवर १२ व्होल्टचं सॉकेटही आहे, पण ते आठ अँपिअरचं. एवढ्या बॅटरीला ते पुरत नाही.

आमच्याकडे याचा खरा उपयोग आषाढीला होतो. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आमच्या जिल्ह्यातून जाते. आप्पा दिंडीत चालतात आणि आम्ही गाडी घेऊन मुक्कामाला पुढे जाऊन थांबतो. दुपारी माणसं पोहोचायच्या आत जनरेटर लावायचा, बॅटरी भरायची, सोबत दिंडीतल्या लोकांचे मोबाईल लावायचे आणि हरिपाठाच्या आधी बंद करायचा. कंपनी आवाज ५३ ते ५९ डेसिबल सांगते. मोठ्या डिझेल जनरेटरपुढे हा काहीच नाही, तरी दिवसभर चालून आलेल्या माणसाच्या उशाशी इंजिन लावू नये असं मला मनापासून वाटतं. रात्रीचे दिवे, पंखा, आईचं नेब्युलायझर सगळं बॅटरीवर.

धुराबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. जनरेटर गाडीपासून किमान वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सायलेन्सरचं तोंड गाडीकडे नको आणि शेजारच्या राहुटीकडेही नको. पाऊस आला म्हणून दाराजवळच्या ताडपत्रीखाली ओढायचा नाही, सरळ बंद करायचा. पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

वायरिंग जुनं असेल तर आधी ते तपासा. या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे गाडीतल्या आरसीसीबीवर (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) आहे तसा भरवसा ठेवता येत नाही. जनरेटरवर चालवताना न्यूट्रल-अर्थची जोडणी जाणकार वायरमनकडून करून घ्या आणि बाहेरची लाइन व जनरेटर यांच्यात चेंजओव्हर (एका वेळी एकच सप्लाय जोडणारा स्विच) बसवा. दोन्ही सप्लाय कधीच एकत्र यायला नकोत.

जनरेटर सपाट जागेवर ठेवा. घाटातल्या उतारावर तिरका राहिला की ऑइल पुरेसं असूनही ऑइलचा सेन्सर इंजिन बंद करू शकतो. मी खाली फळी देतो. ऑइल १०डब्ल्यू-३०, फक्त ४०० मिली लागतं. पहिली बदली २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी. वारी संपली की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवायचा, नाहीतर जुनं पेट्रोल जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात, चिकट होऊन बसतं. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, आणि कॅन माणसं झोपतात त्या भागात ठेवू नका.

एसी हवाच असेल तर होंडाचाच मोठा जनरेटर ईयू३०आयएस बघा. टाकी १३ लिटरची, पण वजन ६० किलोच्या वर. चढवायला-उतरवायला दोन माणसं लागतात आणि जुन्या गाडीत तो ठेवायला बाहेरून हवा खेळणारा वेगळा कप्पा करावा लागेल. एसीला सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर उठतानाचा करंट कमी करणारं यंत्र) लावून बघायला हरकत नाही, पण आधी वायरीभोवती लावायच्या क्लॅम्प मीटरने सुरुवातीचा करंट मोजा आणि मगच पैसे घाला.